समुद्र कार्बन गिळतो कसा आणि ठेवतो कुठे

कोळसा, तेल आणि वायू जाळून आपण दरवर्षी दहा अब्ज टनांहून जास्त कार्बन हवेत सोडतो. जंगलतोडीची भर वेगळी. यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. हे बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं आणि ते वाचून बरं वाटतं. मला मात्र उलटा प्रश्न पडतो: फक्त चौथाच का? समुद्रात विरघळलेल्या रूपात सुमारे ३८,००० अब्ज टन कार्बन आहे आणि हवेत जेमतेम ९००. एवढा साठा सांभाळणाऱ्यापुढे आपले वर्षाचे दहा-अकरा अब्ज टन म्हणजे चिल्लर. मग सगळेच का घेत नाही?

पोट मोठं आहे, पण घसा अरुंद आहे, हे त्याचं थोडक्यात उत्तर. वरचं पाणी खाली जाण्याच्या वाटा मोजक्या आहेत आणि त्या संथ आहेत. समुद्र किती घेणार यापेक्षा किती लवकर खाली नेणार, यावर पुढची शेकडो वर्षं ठरणार आहेत.

(इथले सगळे आकडे कार्बनच्या वजनाचे आहेत. कार्बन डायऑक्साइडच्या वजनात हवे असतील तर ३.६७ने गुणायचं. बातम्यांत दिसणारे वर्षाचे ३७ अब्ज टन ते हेच.)

आधी थोडं रसायनशास्त्र, कारण त्याशिवाय पुढचं कळत नाही. ऑक्सिजन किंवा नायट्रोजन पाण्यात नुसते विरघळतात. कार्बन डायऑक्साइड पाण्याशी अभिक्रिया करतो. समुद्राच्या पाण्यात कार्बोनेटचे आयन असतात. आलेला वायू त्यांच्याशी जुळून बायकार्बोनेट होतो. बायकार्बोनेट हवेत उडून जाऊ शकत नाही, त्यामुळे आणखी वायूला जागा होते. समुद्रातला जवळपास ९० टक्के कार्बन याच रूपात असतो. मूळ वायूच्या रूपात एक टक्काही नसतो. समुद्राची अफाट क्षमता आली ती इथून.

पण कार्बोनेट काही अमर्याद नाही. रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस यांनी १९५७ साली लिहिलेल्या निबंधात ही अडचण आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड १० टक्क्यांनी वाढला, तर वरच्या पाण्यातला एकूण कार्बन वाढतो फक्त एक टक्क्याच्या आसपास. तेवढ्यात हवा आणि पाणी यांचा समतोल साधतो आणि देवाणघेवाण थांबते. त्याआधी अनेक शास्त्रज्ञ असं धरून चालले होते, की माणसाने सोडलेला वायू समुद्र बघता बघता पिऊन टाकील आणि हवेत काही उरणार नाही.

हा समतोल साधायला वेळ लागतो साधारण एक वर्ष. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. म्हणजे लाटांनी घुसळला जाणारा वरचा काही दहा मीटर ते दीडदोनशे मीटरचा थर हवेच्या मागोमाग फार पिछाडीने चालत नाही. हवेत वाढलं की वर्षभरात याच्यातही वाढतं. समुद्राची सरासरी खोली मात्र सुमारे ३,७०० मीटर आहे, आणि बाकीच्या सगळ्या पाण्याचा हवेशी थेट संबंध नाही. त्यातलं बरंचसं पाणी शेवटचं हवेला भेटलं तेव्हा वाफेचं इंजिनसुद्धा नव्हतं. उत्तर प्रशांत महासागराच्या तळाकडचं पाणी तर हजार वर्षांहून जास्त काळ पृष्ठभागावर आलेलं नाही. त्याला आपण पेटवलेल्या कोळशाची अजून खबरच नाही.

मग वरचं पाणी खाली जात का नाही? कारण ते कोमट आणि हलकं असतं. खालचं गार आणि जड. हलकं जडावर तरंगत राहतं, ढवळायला मोठी ऊर्जा लागते. जगातल्या बहुतेक समुद्रावर ही मांडणी बारा महिने पक्की असते. ती मोडते फक्त थोड्या ठिकाणी, जिथे वरचं पाणी गार किंवा खारट होऊन खालच्या पाण्याइतकं जड होतं, किंवा वारे त्याला दाबून आत ढकलतात.

यातली सर्वांत प्रसिद्ध जागा उत्तर अटलांटिकमध्ये, ग्रीनलंडच्या दोन्ही अंगांना. उष्ण कटिबंधातून आलेलं खारट पाणी तिथे हिवाळ्यात उष्णता हवेला देऊन टाकतं, जड होतं आणि हजारो मीटर खाली जातं. मग खोलातून दक्षिणेकडे वाहू लागतं. या संपूर्ण चक्रात वाहणारं पाणी किती, ते २६.५ अंश उत्तर अक्षांशावर २००४पासून दोर आणि उपकरणं लावून सतत मोजलं जातं: सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात सेकंदाला साधारण १२ लाख घनमीटर पाणी टाकतात, त्यावरून अंदाज करावा. परिणाम मोजणीत स्पष्ट दिसतो. उत्तर अटलांटिकचं क्षेत्रफळ सगळ्या समुद्राच्या १५ टक्के, पण मानवनिर्मित कार्बनच्या साठ्यातला त्याचा वाटा २३ टक्के. आणि खोल समुद्रात हा कार्बन ठळकपणे सापडतो तोही मुख्यतः इथेच.

उत्तर अटलांटिकला प्रसिद्धी मिळाली, पण मला विचाराल तर खरं नाटक दक्षिणेत चालतं.

अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राला आडवी येणारी जमीन नाही. पश्चिमेकडून येणारे वारे तिथे वर्षभर अडथळ्याशिवाय पृथ्वीला प्रदक्षिणा घालतात आणि त्यांच्यासोबत जगातला सर्वांत मोठा प्रवाह वाहतो, सेकंदाला १३ ते १७ कोटी घनमीटरचा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे दक्षिण गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी वाऱ्याच्या डावीकडे, म्हणजे इथे उत्तरेकडे सरकतं. त्याची जागा घ्यायला खालून पाणी वर येतं, आणि तेही हजार-दोन हजार मीटर किंवा आणखी खोलातून. अटलांटिकच्या उत्तर टोकाला बुडालेलं पाणी शतकांनंतर पुन्हा उजेडात येतं ते मोठ्या प्रमाणावर इथेच.

हे पाणी औद्योगिक क्रांतीच्या आधीचं आहे. बुडालं तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाखांत २८० भाग होतं. वर आलं तेव्हा ते ४२०च्या पुढे गेलेलं. त्यामुळे या पाण्यात मानवनिर्मित कार्बनसाठी भरपूर जागा असते. वारे ते उत्तरेला ढकलत नेतात, वाटेत ते वायू घेत राहतं, आणि ४० ते ५५ अंश दक्षिणेच्या पट्ट्यात हिवाळ्यात गार होऊन पुन्हा आत शिरतं. तळाला जात नाही. काहीशे ते सुमारे हजार मीटरच्या पातळीवर पसरतं आणि उत्तरेकडे निघतं. मानवनिर्मित कार्बनची समुद्रात होणारी आवक ३० अंश दक्षिणेच्या खालीच जवळपास ४० टक्के होते, असं मॉडेलं सांगतात.

गंमत अशी की कार्बन जिथून आत शिरतो तिथे साठत नाही. १९९०च्या दशकात जगभर जहाजं फिरवून घेतलेल्या नमुन्यांवरून २००४ साली पहिला पूर्ण हिशेब निघाला. १८०० ते १९९४ या काळात समुद्राने ११८ अब्ज टन मानवनिर्मित कार्बन घेतला होता, १९ अब्ज टन इकडे-तिकडे धरून. त्यातला ५० अंश दक्षिणेच्या खाली सापडला फक्त ९ टक्के. १४ ते ५० अंश दक्षिणेच्या दरम्यान मात्र ४० टक्क्यांहून जास्त. दार एकीकडे आणि साठा दुसरीकडे. नकाशावर हवा-पाण्याची देवाणघेवाण रंगवली आणि दुसऱ्या नकाशावर साठा रंगवला, तर दोन्ही एकाच गोष्टीचे नकाशे आहेत हे पटणार नाही. त्या दोघांमध्ये प्रवाह आहेत.

आणखी एक आकडा त्याच हिशेबातला: जवळपास निम्मा मानवनिर्मित कार्बन वरच्या ४०० मीटरमध्येच होता. दोनशे वर्षांत इतकीच मजल. घसा अरुंद म्हटलं ते यासाठी.

इथे एक गैरसमज बाजूला करायला हवा. अनेकांना वाटतं, हा कार्बन समुद्रातली सूक्ष्म वनस्पती, म्हणजे प्लवक, खाते. प्लवक कार्बन घेतं हे खरं. मेल्यावर त्याचे अवशेष खाली बुडतात आणि वर्षाला अब्जावधी टन कार्बन खोलात जातो हेही खरं. पण हे चक्र माणसाच्या आधीपासून चालू आहे. प्लवकाची वाढ अडते ती नायट्रेट, फॉस्फेट, लोह यांच्या तुटवड्यामुळे. कार्बनची त्याला बहुतेक ठिकाणी कधीच वानवा नव्हती. हवेत वायू वाढला म्हणून त्याने तितका जास्त खाल्ला असं होत नाही. आपला जादा कार्बन समुद्रात मुरला तो मुख्यतः रसायन आणि प्रवाह यांच्या जोरावर.

प्लवकाचा संबंध येतो तो दुसऱ्या बाजूने, आणि तिथेच हा विषय अवघड होतो. खाली बुडालेले अवशेष कुजतात आणि खोल पाण्यात नैसर्गिक कार्बन साचत जातो. पाणी जितकं जुनं तितका हा साठा मोठा. दक्षिण महासागरात जे पाणी वर येतं ते एका अर्थाने रिकामं असतं आणि एका अर्थाने तुडुंब भरलेलं. मानवनिर्मित कार्बन त्यात नाही, पण शतकानुशतकं साचलेला नैसर्गिक कार्बन आहे, आणि वर आल्यावर तो हवेत सुटू पाहतो. म्हणजे प्रवाह एकाच वेळी दोन कामं करतात: आपला कार्बन खाली नेतात आणि जुना वर आणतात. आपल्याला दिसते ती वजाबाकी.

म्हणून 'प्रवाह जोरात तर समुद्र जास्त शोषणार' हे सरळ गणित फसतं. २००७ साली आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की १९८१ ते २००४ या काळात दक्षिण महासागराचं शोषण अपेक्षेप्रमाणे वाढलं नव्हतं, अडकून पडलं होतं. कारण दिलं गेलं वाऱ्यांचं. वारे जोरदार झाले, जुनं पाणी जास्त वर आलं, नैसर्गिक कार्बन जास्त सुटला. समुद्र भरत आला अशी चर्चा त्यावरून सुरू झाली. मग २०१५ साली नव्या नोंदींनी दाखवलं, की २००२च्या सुमारास शोषण पुन्हा वाढू लागलं होतं. पुढे २०१७च्या एका अभ्यासाने जगभराच्या पातळीवर हेच चक्र मांडलं: १९९०च्या दशकात वरच्या हजार मीटरमधलं अभिसरण जोरात होतं तेव्हा शोषण मंदावलं, २०००नंतर अभिसरण ढिलं पडलं आणि शोषण वाढलं. आपला कार्बन खाली जाणं कमी झालं, पण जुना वर येणं त्याहून जास्त कमी झालं. अल्पावधीत नफा दिसला. नफा हा शब्द वापरताना जीभ थोडी अडखळते, कारण ढिलं अभिसरण शतकभर टिकलं तर हिशेब उलटेल. जुन्या कार्बनचा साठा खालीच राहील खरा, पण नवीन रिकामं पाणी वर येणंही थांबेल.

असाच प्रकार लहान प्रमाणात विषुववृत्तीय प्रशांत महासागरात दर काही वर्षांनी दिसतो. एरवी तिथे खालचं कार्बनयुक्त पाणी वर येऊन वायू सोडतं. एल निनोच्या वर्षी ते वर येणं मंदावतं, आणि तेवढ्यापुरता जगातला समुद्र जास्त कार्बन शोषताना दिसतो. अरबी समुद्रही अशाच वर येणाऱ्या पाण्यामुळे एकंदरीत हवेला कार्बन देणाऱ्यांच्या यादीत आहे.

हे सगळं कळतं कसं, हा प्रश्न साहजिक आहे. समुद्रातल्या कार्बनच्या रेणूवर 'कारखान्यातून आलेला' असा शिक्का नसतो, आणि मानवनिर्मित भर एकूण साठ्याच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ती वेगळी काढायची तर मोजणी कमालीची काटेकोर हवी. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांनी तयार केलेले प्रमाणित पाण्याचे नमुने जगभरच्या प्रयोगशाळा वापरू लागल्या, तेव्हा कुठे एका जहाजाचे आकडे दुसऱ्याशी जुळवता आले. असं बिनचमकदार काम क्वचितच बातमीत येतं.

प्रवाहांची चाल कळली ती माणसाच्या दुसऱ्या उद्योगांमुळे. फ्रिजमध्ये पूर्वी वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू १९३०च्या दशकाआधी अस्तित्वातच नव्हते. ते पाण्यात थोडे विरघळतात आणि तिथे टिकतात. खोलातल्या नमुन्यात ते सापडले, तर ते पाणी गेल्या काही दशकांत हवेला भेटलं हे नक्की. १९६३च्या बंदी-कराराआधीच्या अणुचाचण्यांनी हवेत किरणोत्सारी कार्बन-१४ जवळपास दुप्पट केला; तोही समुद्रात झिरपला आणि त्याचा माग काढत पाण्याच्या वाटा नोंदवता आल्या. ओझोनला भोक पाडणारा वायू आणि अणुबॉम्बची राख, दोन्ही समुद्रशास्त्राच्या कामी यावेत, हा एक विचित्र योगायोग.

आता जहाजांच्या जोडीला स्वयंचलित तरंगयंत्रं आहेत. ती दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खाली जाऊन वर येतात आणि उपग्रहाला नोंदी पाठवतात. दक्षिण महासागरात हिवाळ्यात जहाज नेणं म्हणजे जीव मुठीत धरणं, त्यामुळे तिथल्या हिवाळ्याच्या नोंदी फारच तुटपुंज्या होत्या. सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) मोजणारी यंत्रं तिथे सोडल्यावर २०१८मध्ये दिसलं, की अंटार्क्टिकाजवळ हिवाळ्यात समजलं होतं त्याहून जास्त वायू बाहेर पडतो. २०२१ साली विमानांतून घेतलेल्या हवेच्या नमुन्यांनी उलट कौल दिला: शोषणच भक्कम आहे. यंत्राचा सामूचा आकडा किंचित चुकला तरी हिशेब बदलतो, त्यामुळे मी विमानांच्या बाजूने झुकेन. पण वाद मिटलेला नाही.

आत गेलेला कार्बन आतच राहतो का? खोल गेला तर शतकानुशतकं. वरच्या काहीशे मीटरांत शिरलेला मात्र काही वर्षांत किंवा दशकांत फिरून वर येतो. कोमट पट्ट्यातलं पाणी वाऱ्यांच्या दाबाने आत शिरतं, विषुववृत्ताकडे जातं आणि तिथे वर निघतं. आता ते कोरं नसतं. आपल्याच जुन्या धुराचा हिस्सा त्यात असतो, म्हणून पुढच्या खेपेला ते कमी घेतं.

पुढचं काय? वरचं पाणी तापतंय, ध्रुवांकडे बर्फ वितळून गोडं पाणी मिसळतंय, दोन्हींमुळे वरचा थर आणखी हलका होतोय. अटलांटिकचं चक्र या शतकात मंदावणार याबद्दल आयपीसीसीला, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीला, दाट खात्री आहे. २१००आधी ते अचानक कोसळणार नाही याबद्दल मध्यम खात्री. अंटार्क्टिकाच्या काठावर बुडणारं सर्वांत जड पाणी, जे सगळ्या महासागरांचा तळ भरतं, त्याचाही ओघ आटण्याची चिन्हं आहेत. २०२३च्या एका अभ्यासानुसार उत्सर्जन असंच चढतं राहिलं, तर २०५०पर्यंत हे खोल अभिसरण सुमारे ४० टक्क्यांनी मंदावेल. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या साठ्याच्या नव्या मोजणीत १९९४ ते २००४ या दशकात २९ अब्ज टन आणि पुढच्या दशकात २७ अब्ज टन भर दिसली. हवेतला वायू जोरात वाढत असताना समुद्रातली भर वाढली नाही. फरक मोजणीच्या चुकीच्या मर्यादेत बसतो, पण उत्तर अटलांटिकमध्ये साठा वाढण्याचा वेग घटलेला दिसतो, तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

घसा अरुंद आहे हे ओळखून त्याला वळसा घालण्याची कल्पनाही जुनी आहे. इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९७७ साली सुचवलं, की वीजकेंद्रांतला कार्बन डायऑक्साइड गोळा करून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत सोडावा. भूमध्य समुद्राचं खारट, जड पाणी तिथून अटलांटिकमध्ये उतरतं आणि सुमारे हजार मीटर खोलीवर पसरतं. वायू त्याच्याबरोबर फुकट खाली जाईल. कल्पना डोकेबाज, पण किती काळ टिकेल? आयपीसीसीच्या २००५च्या अहवालात मॉडेलांची उत्तरं आहेत. ८०० मीटरवर सोडलेल्या वायूपैकी शंभर वर्षांनी सुमारे ७८ टक्के समुद्रात उरतो, पाचशे वर्षांनी २३ टक्के. ३,००० मीटरवर सोडला तर पाचशे वर्षांनीही ७१ टक्के. वरवर सोडलेलं उधारीवर, खोलातलं दीर्घ मुदतीवर. ज्या पाण्यात सोडला तिथल्या जीवांचं काय होईल हा प्रश्न वेगळाच. २००६ साली लंडन प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे समुद्रात कचरा टाकण्यावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात, समुद्रतळाखालच्या खडकांत वायू साठवण्याला परवानगी मिळाली. पाण्यात सोडण्याला मिळाली नाही.

आणि एक हिशेब सहसा सांगितला जात नाही. समजा उत्सर्जन शून्यावर आलं आणि यंत्रांनी हवेतला वायू काढून घेणंही सुरू झालं. हवेतलं प्रमाण खाली येऊ लागलं, की वरचं पाणी साधारण वर्षभराच्या पिछाडीने समतोल साधत आपला कार्बन परत सोडू लागेल. मग काहीशे मीटरांवरचं, दोन-तीन दशकांपूर्वी आत शिरलेलं पाणी वर येईल आणि तेही सोडेल. त्यामुळे हवेतून एक टन कमी करायचा तर एक टनाहून बराच जास्त काढावा लागेल. खोल अटलांटिकमध्ये गेलेला हिस्सा तेवढा या देवाणघेवाणीपासून दूर राहील, आणि तो किती मोठा असेल हे तिथलं चक्र तोवर किती पाणी खाली नेत होतं यावर अवलंबून असेल.